सुंदराबाईंनी पुसलेली मशिनं

सुंदराबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. रामटेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत नळाला पाणी उजाडायच्या आत यायचं आणि हंडे त्याच्याही आधी रांगेत लावावे लागत. पाणी भरून झालं की भाकऱ्या. भाकऱ्या झाल्या की नवऱ्याला भिंतीला टेकवून बसवायचं आणि त्याच्या कंबरेला तेल चोळायचं. पोपट ओव्हाळ मार्केट यार्डात हमाली करत. कांद्याची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून उतरताना पाय सटकला आणि कंबर गेली. तेव्हापासून त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं. जीभ मात्र धडधाकट होती.

"चोळ, चोळ. जुनं मशीन हाय, तेल मागतंय," ते म्हणायचे.

"मशीन तेल पितं आणि काम करतं," सुंदराबाई म्हणायच्या. "तुम्ही नुसतं तेल पिता."

मग त्या डबा घेऊन निघायच्या आणि चालत हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये यायच्या. बसचे पैसे वाचत. शिवाय कारखान्याचं कुलूप उघडायच्या वेळी दारात हजर असलं पाहिजे, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. तो कुणी घालून दिलेला नव्हता.

कारखाना दत्तप्रसाद वाटवे यांचा. वाटवे साहेब स्वतः इंजिनियर. डझनभर माणसं, तीन लेथ, दोन मिलिंग मशिनं, ड्रिलं, पत्रा वाकवायचा एक मोठा प्रेस. सुंदराबाईंचं काम साफसफाईचं. साफसफाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झाडू येतो. लेथखाली झाडू फार थोडा चालतो. लोखंडाचा कीस निघतो तो सुरळ्यांचा, तापलेला असतो, आणि धार ब्लेडची. तो आकड्याने ओढावा लागतो. पितळेचा कीस लोखंडात मिसळला तर भंगारवाला दोन्ही लोखंडाच्या भावाने नेतो, म्हणून पितळ वेगळं करावं लागतं. कटिंगचं दुधी पाणी तळाच्या ट्रेमध्ये साचतं आणि आठवड्यात कुजतं. ते उपसायचं, ट्रे खरवडायचा. मशीन पुसायचं ते आधी कोरडं. कीस निघायच्या आत ओला कपडा फिरवला तर ओरखडे पडतात. मग ब्रशने रॉकेल, मग चिंधी, मग तेलाचा हलका हात. सुंदराबाईंच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. नव्या माणसाला त्या भाजल्याच्या वाटत. त्या कापल्याच्या होत्या.

हे काम त्या नऊ वर्षं करत होत्या. रोज. पण हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. शनिवारी वाटवे साहेब टेबलाच्या खणातून पैसे काढून त्यांच्या हातावर ठेवत. पटावर नाव नाही म्हणजे फंड नाही, रजा नाही आणि ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड नाही. फंड आणि रजेबद्दल सुंदराबाईंची तक्रार नव्हती. कार्ड त्यांना हवं होतं. कार्ड असलं की घरच्या माणसाचाही इलाज होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. लेथवरच्या रंगनाथच्या बायकोचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन कार्डावर झालं होतं. पोपटरावांच्या कंबरेला खासगी डॉक्टरने हात लावायचीच जी फी सांगितली, ती ऐकून ते स्वतःच रिक्षात जाऊन बसले होते.

त्यांनी वाटवे साहेबांना विचारलं होतं. एकदा नाही, दर वर्षी.

"काचवाल्यांचं बिल येऊ दे, सुंदराबाई," साहेब शेवटच्या वेळी म्हणाले. "पटावर पहिलं नाव तुमचं."

काचवाले म्हणजे एक संगणक कंपनी. तेव्हा पुण्यात अशा कंपन्या भराभर येत होत्या आणि नदीपलीकडच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. या कंपनीची इमारत सगळी निळ्या काचेची, म्हणून कारखान्यात तिचं नाव काचवाले पडलं. त्यांनी संगणक ठेवायच्या लोखंडी रॅकची मोठी ऑर्डर दिली. वाटव्यांनी बँकेचं कर्ज काढून पत्रा आणला. अर्धे रॅक गेले आणि काचवाल्यांनी कळवलं की भोकं जुळत नाहीत, माल घेणार नाही, पैसे देणार नाही. भोकं त्यांनीच दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे होती. उरलेले रॅक शेडमध्ये प्लॅस्टिकखाली पडून राहिले आणि वाटव्यांनी शिवाजीनगरच्या कोर्टात कंपनीच्या नावाने दावा लावला. तेव्हापासून सुंदराबाईंचं कार्ड त्या दाव्यात अडकलं.

दावा लागल्यावर काचवाल्यांनी रॅकची पाहणी मागितली. त्यांच्या सोयीची तारीख त्यांनी कळवली आणि वाटवे साहेबांनी कॅलेंडर न बघता होकार देऊन टाकला. ती तारीख खंडेनवमीची निघाली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. कारखान्यात त्या दिवशी मशीन चालत नाही, दसऱ्यालाही नाही. आदल्या दुपारपासून सुंदराबाई पुसायला लागत. एरवी मशीन चालू असताना जिथे हात घालता येत नाही तिथे त्या दिवशी जातो. गार्ड काढून, ट्रे बाहेर ओढून, पट्ट्यांच्या मागचं काळं मेण खरवडून त्या एकेक मशीन नव्यासारखं करत. पूजा त्या करत नसत. त्या बौद्ध. हळदकुंकू, हार, नारळ हे रंगनाथ करायचा आणि त्या वेळी त्या दाराशी उभ्या राहत.

"बाई, कुंकू नको तर नको, पेढा तरी घ्या," रंगनाथ दर वर्षी म्हणायचा.

"पेढ्याला कुठं जात असती," म्हणून त्या घेत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पांढरं लुगडं नेसून विहारात जात.

त्या खंडेनवमीला काचवाल्यांचा माणूस आला. दिल्लीकडचा तरुण साहेब, गळ्यात कॅमेरा. वाटवे साहेब मुंबईला गेले होते, म्हणून रंगनाथने त्याला रॅक दाखवले. त्याने चार रॅक मोजले आणि मग शेडभर नजर फिरवली.

"फोटो ले सकता हूँ?"

रंगनाथची छाती फुगली. मशिनं त्या वर्षी खरोखरच लखलखत होती. "लो साहेब, लो," तो म्हणाला आणि त्याने सगळ्यांना अंगणात पिटाळलं. "ए, बाजूला व्हा रे. मशीनच्या फोटोत तुमची थोबाडं कशाला?" माणसं अंगणात पेढे खात उभी राहिली. तो साहेब एकेका मशीनपुढे जाऊन फोटो काढत होता आणि त्याच्या बुटांचे ठसे फरशीवर उमटत होते. सुंदराबाई कपडा घेऊन मागोमाग ठसे पुसत गेल्या. पुढच्या फोटोत फरशीही स्वच्छ आली.

"असं गिऱ्हाईक पायजे," साहेब गेल्यावर रंगनाथ म्हणाला. "कामाची कदर हाय त्याला."

दोन महिन्यांनी ती कदर कोर्टात दाखल झाली.

वाटवे साहेबांनी रंगनाथला आणि सुंदराबाईंना शनिवार पेठेत वकिलांकडे नेलं. वकील तात्याराव लेले. जिन्यावर पाटी होती: चपला खाली, शंका वर. खोलीत फायलींचे ढीग, मधे टेबल, बाजूला टाइपरायटरवर बसलेली त्यांची टायपिस्ट रुपाली. तात्यारावांनी टेबलावर फोटो मांडले. तीन लेथ, दोन मिलिंग, प्रेस. कुठे माणूस नाही, कीस नाही, तेलाचा थेंब नाही.

"सुंदर आहेत," तात्याराव म्हणाले. "लग्नाच्या अल्बममध्ये लावावेत. हे कुणाच्या हुशारीने काढू दिले?"

रंगनाथने खाली पाहिलं.

"यात वाईट काय हाय?" सुंदराबाईंनी विचारलं.

"बाई, यात चांगलं काहीच नाही. काचवाले कोर्टाला सांगतात, बघा, हा कारखाना बंद पडलाय. मशिनं धुऊन विकायला काढल्येत. उद्या ही कंपनी दावा हरली, तर कोर्ट म्हणेल, काचवाल्यांचा वकिलाचा खर्च भरून द्या. तो देणार कुठून? वाटवे प्रायव्हेट लिमिटेड आहेत. कंपनी बुडाली की हात वर. म्हणून खर्चापोटी रक्कम आत्ताच कोर्टात भरून ठेवायला लावा, आणि तोपर्यंत दावा पुढे नेऊ नका."

"म्हणजे पैसे त्यांनी बुडवले आणि हमी आपण भरायची?" रंगनाथ म्हणाला.

"अगदी बरोबर. कायद्यात तशी सोय आहे. आणि मुदतीत भरली नाही तर दावा फेटाळला जातो. खऱ्या-खोट्याची भानगडच नाही."

"किती मागितलेत?" वाटवे साहेबांनी विचारलं. तात्यारावांनी कागद पुढे सरकवला. साहेबांनी आकडा पाहिला आणि कागद उलटा ठेवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं. कारखाना चालू आहे आणि फोटो सणाच्या दिवसाचे आहेत, हे शपथेवर सांगायला कुणीतरी हवं होतं. मशिनं पुसली सुंदराबाईंनी, तेव्हा प्रतिज्ञापत्रही त्यांचंच. तात्यारावांनी मजकूर सांगितला, रुपालीने टाइप केला, मग तात्यारावांनी तो मोठ्याने वाचला. "मी, सुंदराबाई पोपट ओव्हाळ, वादी कंपनीकडे गेली नऊ वर्षे अधूनमधून साफसफाईस येते. खंडेनवमीच्या पूजेसाठी मी सर्व यंत्रे धुतली."

"धुतली न्हाईत," सुंदराबाई म्हणाल्या. "पुसली. धुतली तर गंजतील."

"पुसली. रुपाली, पुसली."

"आणि पूजेसाठी न्हाई. पूजा ह्यांची असती. मी बौद्ध हाय."

तात्यारावांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग कशासाठी पुसली?"

"घाण होती म्हणून. त्या दिशी बंद असतात, आतपर्यंत हात जातो."

"ठीक. यंत्रे सणानिमित्त बंद असल्याने पुसली. सण यांचा, हात तुमचा. आता झालं?"

"अधूनमधून न्हाई," सुंदराबाई म्हणाल्या. "रोज."

रुपालीची बोटं थांबली. तात्यारावांनी वाटवे साहेबांकडे पाहिलं. मजकुरातला तो शब्द साहेबांनीच जिन्यात त्यांच्या कानाशी सांगून घातलेला होता, हे त्या पाहण्यावरून रंगनाथलाही कळलं.

"अहो, नुसता शब्द आहे तो," साहेब म्हणाले.

"मग रोज लिवा. तो बी शब्दच हाय."

"हे बघा बाई," तात्याराव म्हणाले, "रोज लिहिलं तर समोरचा वकील विचारेल, रोज येते तर हजेरीपटावर का नाही. मग तो पट बघायला मागेल. तुमच्या साहेबांची अडचण होईल आणि दाव्याचीही."

साहेब जरा हळू आवाजात म्हणाले, "दावा गेला तर तुमचं कार्डही गेलं, सुंदराबाई. हे लक्षात घ्या."

ते त्यांच्या लक्षात होतं. पोपटरावांची कंबर, पाण्याची रांग, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पण अधूनमधून म्हणायचं म्हणजे कोणते दिवस वगळायचे, ते त्यांना कळेना. ताप होता त्या दिवशीही त्या आल्या होत्या. सासू गेली तेव्हा माती देऊन तिसऱ्या दिवशी आल्या होत्या.

"अधूनमधून आले असते," त्या शेवटी म्हणाल्या, "तर मशिनं तशी ऱ्हायली असती का? मी सही करत न्हाई, साहेब. दुसऱ्या कुणाला तरी पुसली म्हणायला सांगा."

दुसरं कुणी नव्हतं. नोटरी खाली वाट बघत होता आणि त्याची उठायची वेळ झाली होती. वाटवे साहेबांनी कपाळ चोळलं. मग रुपालीकडे न बघता म्हणाले, "लिहा. रोज."

सुंदराबाईंनी सही केली. रात्रीच्या वर्गात शिकलेली सही होती. अक्षरं मोठी आणि एकमेकांना न चिकटणारी. त्यांना ती करायला वेळ लागला आणि कुणी घाई केली नाही.

परतताना बसमध्ये रंगनाथ म्हणाला, "एक शब्द सोडला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"तुमचं नाव हाय पटावर," सुंदराबाई म्हणाल्या. "तुम्हाला न्हाई कळायचं."



कोर्टात त्या मागच्या बाकावर बसल्या. काचवाल्यांचा वकील इंग्रजीत बोलत होता. त्यात आपलं नाव दोनदा आलेलं त्यांना कळलं, बाकी काही कळलं नाही. तात्याराव थोडं बोलले आणि बसले. निकाल काही आठवड्यांनी लागला. व्हरांड्यात तात्यारावांनी तो मराठीत सांगितला.

"कारखाना चालू आहे हे कोर्टाने मानलं. बाईंच्या शब्दावर मानलं, तसं लिहिलंय. पण त्यांच्या वकिलाने पट मागवला, आणि पुढे असंही लिहिलंय, की जी कंपनी नऊ वर्षं कामाला असलेली बाई पटावर दाखवत नाही, तिच्या हिशेबावर कोर्ट पुरतं विसंबू शकत नाही. म्हणून हमी द्यायची. मागितली त्याच्या निम्मी. मार्च अखेरपर्यंत."

"आणि न्हाई दिली तर?" रंगनाथने विचारलं.

"तर मी दुसरी अशिलं बघतो."

रंगनाथ सुंदराबाईंकडे वळला. "बघितलंत?"

"बघितलं," त्या म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

घरी पोपटरावांना ही हमीची गोष्ट नीट सांगावी लागली. त्यांनी ती दोनदा ऐकली.

"म्हंजी गोणी उचलायच्या आधीच हमालाकडनं फाटक्या गोणीचे पैसे घ्यायचे," ते म्हणाले. "आमच्याकडं व्यापारी ते हप्त्याला कापायचे. कोर्ट आगाऊ घेतंय. मोठी जागा हाय ना."

"दावा गेला तर कार्ड बी गेलं," सुंदराबाई म्हणाल्या.

"मग लिवायचं की अधूनमधून."

"तुम्ही लिवलं असतं?"

पोपटरावांनी ताट पुढे ओढलं. म्हणाले, "भाकर वाढ."

वाटवे साहेबांची जागा, मशिनं, राहता फ्लॅट, सगळं आधीच बँकेकडे गहाण होतं. नवीन कर्ज मिळेना. त्यांनी गाडी विकली आणि ते स्कूटरवर यायला लागले. तरी रक्कम पुरी होत नव्हती. मार्चच्या मध्यावर जेवणाच्या सुटीत त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. उभ्यानेच बोलले. म्हणाले, एका महिन्याचा पगार मागे ठेवू दिलात तर हमी भरता येईल. दावा जगला तर परत देईन. दावा मेला तर कारखाना मेला, हे वेगळं सांगायला नको. ज्याला जमणार नाही त्याने नाही म्हणावं, राग नाही.

कुणी नाही म्हटलं नाही. कुणी हो म्हणून ओरडलंही नाही. माणसं घरच्या महिन्याचा विचार करत उभी होती. मग रंगनाथ म्हणाला, "माझा लिहा." मागोमाग बाकीचे. साहेब कागदावर एकेकाचं नाव आणि पगार लिहीत गेले.

सुंदराबाई पिंपाजवळ कीस भरत होत्या. साहेब त्यांच्यापाशी आले. "तुमचा घेत नाही, सुंदराबाई. तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे."

"माझा बी घ्या."

"बाई, वेडेपणा करू नका," रंगनाथ मागून म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पोपटराव घरी बसलेत. खाणार काय?"

सुंदराबाईंनी हात चिंधीला पुसले. "ज्याचा पगार घेतला, त्याचं नाव लिवणार ना, साहेब?"

"लिहिणार. परत द्यायचाय."

"मग लिवा."

साहेबांनी पेन उघडलं आणि तसंच धरून राहिले. "ही यादी हजेरीपटावरच्या माणसांची आहे," ते म्हणाले.

"मग आधी पटावर लिवा. नंतर हिच्यावर."

अंगणात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. वाटवे साहेब सुंदराबाईंकडे बघत होते आणि त्या साहेबांकडे. त्यांना ना हट्ट करायचा होता, ना उपकार. हिशेब सरळ होता. कापण्यासाठी पगार लागतो आणि पगारासाठी नाव लागतं.

साहेब केबिनमध्ये गेले. बाहेर आले ते पट हातात घेऊनच. मिलिंगच्या टेबलावर तो उघडला, शेवटच्या नावाखाली लिहिलं: सुंदराबाई पोपट ओव्हाळ. पुढच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला.

"कामाला लागल्याची तारीख... आजची टाकू?"

"कोर्टात जी सांगितली ती टाका," सुंदराबाई म्हणाल्या.

रंगनाथ जवळ येऊन उभा राहिला होता. त्याने पटावर वाकून पाहिलं. "साहेब, नऊ वर्षांपूर्वीचा जून," तो म्हणाला. "त्या महिन्यात मोठा लेथ आला. पेटीचा भुसा बाईंनीच उपसला होता."

साहेबांनी जून लिहिला.

एप्रिलचा महिना सुंदराबाईंनी कसा काढला, ते त्या कुणाला सांगत बसल्या नाहीत. यमुनाबाईंच्या दुकानातून किराणा उधार आला आणि यमुनाबाईंनी ती गोष्ट सगळ्या वस्तीला सांगितली. रविवारी सुंदराबाई मगरपट्ट्याच्या बाजूला नव्या बांधकामावर फरशा घासायला जात. सिमेंटचे डाग निघायला रॉकेल चालत नाही, लोखंडी पत्रीने खरवडावे लागतात. मुकादमाने दुसऱ्या रविवारी त्यांना न विचारता आतल्या खोल्या दिल्या, कारण त्यांच्या हाताखालची फरशी पुन्हा करावी लागत नव्हती.

हमी मुदतीत भरली गेली. दावा चालू राहिला. चालू राहिला म्हणजे तारखा पडत राहिल्या. पुढे संगणकवाल्यांचे दिवस फिरले. परदेशातली कामं आटली, निळ्या काचेच्या इमारतीत पाट्या बदलल्या, आणि साक्षीपुरावा सुरू व्हायच्या तोंडावर काचवाल्यांनी तडजोड केली. मागितलं तेवढं मिळालं नाही. बँकेचं देणं बरंचसं फिटेल इतकं मिळालं. हमीची रक्कम कोर्टातून परत आली आणि वाटवे साहेबांनी प्रत्येकाचा अडकलेला पगार पाकिटात घालून दिला. तात्याराव म्हणाले, इतक्या लवकर संपलेला दावा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तो कौतुकाचा सूर होता की तक्रारीचा, ते कळलं नाही.

सुंदराबाईंच्या हाती तो पगार आला तेव्हा त्याची निकड उरली नव्हती. निकडीचं काम त्याच्या आधीच झालं होतं. पटावर नाव चढल्यावर मे महिन्यात पगार त्यांना पहिल्यांदा बाकीच्यांसारखा पावतीसह मिळाला. पावतीत ईएसआयची थोडीशी कपात होती. त्यांनी ती रंगनाथकडून वाचून घेतली.

"कापलेत बरं का, बाई. आता बसा रडत," तो म्हणाला.

"बरोबर कापलेत ना?"

"बरोबर."

"मग झालं."

पावसाळ्याच्या आत कार्ड आलं. पोपटरावांना रिक्षात घालून त्यांनी दवाखान्यात नेलं. रांग मोठी होती. तपासणी, एक्स-रे, पुन्हा रांग. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनने आता फारसा फरक पडणार नाही, वेळ गेली आहे. पण पट्टा बांधून रोज व्यायाम केला तर माणूस उभा राहील, चार पावलं चालेल. पोपटराव डॉक्टरांना म्हणाले, "वझं उचलणार न्हाई म्हणा की." डॉक्टर म्हणाले, "नाही उचलणार." पोपटरावांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं.

पट्टा मिळायला आणखी एक खेप पडली. सुंदराबाईंनी घरी तो त्यांच्या कंबरेला बांधला. बकल कुठल्या भोकात बसतंय ते दोनदा बघून घट्ट केलं.

"लई आवळतोय," पोपटराव म्हणाले.

"आवळायलाच दिलाय. भिंत सोडा."

त्यांनी भिंत सोडली. घाम आला, पण ते उभे राहिले.

नऊ वर्षांच्या पगारावर घर चाललं होतं. एप्रिलमध्ये मिळायचा पगार काचवाल्यांच्या वकिलाच्या खर्चापोटी कोर्टात पडून राहिला. मेमध्ये मिळालेल्या पगारातून जे कापलं गेलं, त्यावर पोपटरावांचा पट्टा आला. खाकी कापडाचा, पाठीत चार पट्ट्या शिवलेला, तीन बकलांचा.